कॅड टाका, प्रोग्राम काढा: असेंब्लीच्या रोबोटला हे खरंच जमतं का?

नटबोल्ट
आमच्याकडे (चाकण, टू-व्हीलरचे पार्ट) पंप असेंब्लीची लाइन रोबोटवर न्यायची चर्चा चालू आहे. बॉडी, दोन बेअरिंग, शाफ्ट, ऑइल सील, ओ-रिंग, कव्हर आणि चार स्क्रू. बस, एवढंच. पण व्हेरिएंट पुष्कळ आणि कस्टमर सारखं काही ना काही बदलत असतो.
परवा एक व्हेंडर येऊन गेला. म्हणे आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅड मॉडेल (पार्टचं काँप्युटरवरचं थ्रीडी ड्रॉइंग) टाका. कोणता पार्ट आधी, कोणता नंतर, कुठे पकडायचा, कुठून न्यायचा, सगळं तेच ठरवतं आणि तयार प्रोग्राम हातात देतं. पॉइंट टीच करणं (रोबोटचा हात नेऊन एकेक जागा शिकवणं) बंद. तेव्हापासून आमचे प्लँट हेड जमिनीवर नाहीत.
मी रोबोट प्रोग्रामर. मला दोन भीती आहेत. एक, हे खोटं निघेल आणि लाइन माझ्या गळ्यात पडेल. दुसरी, हे खरं निघेल.
वेल्डिंगला आम्ही ऑफलाइन प्रोग्रामिंग (रोबोटजवळ न जाता काँप्युटरवर प्रोग्राम करणं) वापरतो, ते चालतं. असेंब्लीत असं कोणी प्रत्यक्ष चालवलंय का? ब्रोशर नकोत, अनुभव हवेत.

तिरकस_पाना
दुसरी भीती काढून टाका आणि शांत झोपा. पहिलीसाठी रजेचा अर्ज तयार ठेवा.

बाराखडी
वाचतेय. माझा या क्षेत्राशी काही संबंध नाही, पण पहिल्या पोस्टमधल्या त्या दोन्ही भीती आमच्या ऑफिसातही रोज ऐकू येतात.

पेंडंटवाला
वेल्डिंग चालतं म्हणून असेंब्ली चालेल, हा हिशेब मॅनेजमेंटला फार आवडतो. फरक सांगतो.
कॅटलॉगमध्ये ±०.०२ मिमी छापलेलं असतं ती रिपीटेबिलिटी. एकदा शिकवलेल्या पॉइंटवर हात पुन्हा पुन्हा तिथेच येतो, एवढाच त्याचा अर्थ. कॅडमधून काढलेला एक्स-वाय-झेड दिला तर तो खरोखर त्याच जागी जाईल याची हमी त्यात नाही. कॅलिब्रेट न केलेला हात मिलिमीटरभर सहज इकडेतिकडे जातो. हाताने टीच करताना ही चूक गुपचूप पोटात जाते, कारण पॉइंट आपण डोळ्याने बघून घेतलेला असतो. ऑफलाइन प्रोग्राममध्ये ती उघडी पडते. वेल्डिंगमध्ये वायर टेकवून जागा शोधता येते (टच सेन्सिंग), आर्क चालू असताना सांध्याचा माग काढता येतो (सीम ट्रॅकिंग), आणि अर्ध्या मिलिमीटरचा फरक वितळलेला धातू (वेल्ड पूल) सांभाळून घेतो.
आता १० मिमीचा शाफ्ट घ्या, एच७/जी६ फिट (होल आणि शाफ्टच्या मापांचा ठरलेला मेळ). होल शून्य ते अधिक १५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग), शाफ्ट उणे ५ ते उणे १४. म्हणजे फट कमीत कमी ५ मायक्रॉन, जास्तीत जास्त २९. रोबोटची रिपीटेबिलिटीच २० मायक्रॉन. त्यात ग्रिपरमध्ये (रोबोटच्या पकडीत) पार्ट किती तिरका बसलाय ते वेगळं, फिक्स्चरमध्ये (बॉडी धरून ठेवणाऱ्या साच्यात) बॉडी किती हलतेय ते वेगळं. सॉफ्टवेअरने काढलेला मार्ग शंभर टक्के बरोबर असला तरी शाफ्ट होलच्या काठावर जाऊन उभा राहणार, आणि तुम्ही पेंडंट (रोबोट हाताने चालवायचा रिमोट) घेऊन पॉइंट दुरुस्त करत बसणार.
होलच्या तोंडापर्यंत कसं जायचं ते सॉफ्टवेअर छान सांगतं. तोंडातून आत कसं जायचं, तिथे धंदा आहे.

नटबोल्ट
@पेंडंटवाला, हेच मी मीटिंगमध्ये बोललो. उत्तर आलं, "त्यासाठी फोर्स सेन्सर आहे ना."

पेंडंटवाला
आहे की. फोर्स सेन्सर अडलं हे सांगतो. का अडलं आणि आता काय करायचं, ते कोण सांगणार?

अनघा_म्युनिक
मी इथे युनिव्हर्सिटीत याच विषयावर काम करते, म्हणून जरा लांबण लावते.
व्हेंडर खोटं बोलत नाहीये, पण त्याने दिलेलं आश्वासन बरंच जुनं आहे. आयबीएममध्ये १९७७ साली 'ऑटोपास' नावाची भाषा मांडली गेली. कल्पना अशी की असेंब्लीच्या सूचना कामगाराला लिहून देतो तशाच रोबोटला द्यायच्या, पकड आणि मार्ग काँप्युटरने काढायचा. त्यातला काही भागच प्रत्यक्ष उतरला. त्याच सुमारास एडिंबरोला 'रॅप्ट' तयार झाली. त्यात आकडे न देता "हा पृष्ठभाग त्या पृष्ठभागाला टेकलेला, हा दांडा त्या भोकात" एवढं सांगायचं, जागा सिस्टिम काढायची. आजच्या कॅडमध्ये आपण मेट (दोन पार्ट कसे जुळतात त्याची अट) लावतो, त्याच जातीचा विचार. आणि तुमच्या पंपावरून आठवलं. स्टॅनफर्डच्या रोबोटने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच फोर्ड मॉडेल टीचा वॉटर पंप जोडून दाखवला होता. प्रोग्राम अर्थात माणसांनी लिहिलेला.
यातले कोणते भाग आज खरंच सुटलेत? क्रम काढणं बऱ्यापैकी सुटलंय. दहा पार्ट असतील तर नुसते क्रम ३६,२८,८०० होतात, पण सगळे तपासावे लागत नाहीत. जोडलेलं मॉडेल घ्यायचं, कोणता पार्ट कशालाही न धडकता बाहेर निघतो ते बघत एकेक काढत जायचं आणि यादी उलटी करायची. मात्र हे कडक पार्टना लागू. खटक्याने बसणारा पार्ट, स्प्रिंग, प्रेस फिट, रबर, यांत सुटण्याचा रस्ता हा बसण्याचा रस्ता नसतो. तुमच्या यादीत ऑइल सील आणि ओ-रिंग दोन्ही आहेत.
न धडकता मार्ग काढणं हेही सुटलंय. १९९० च्या दशकात मोकळ्या जागेत यादृच्छिक बिंदू टाकून मार्ग शोधायच्या पद्धती आल्या, आज त्या सर्रास वापरात आहेत.
सुटलेलं नाही ते पेंडंटवाल्यांनी सांगितलंच. १९८४ मध्ये लोझानो-पेरेझ, मेसन आणि टेलर यांनी त्याची फार देखणी मांडणी केली होती. शेवटची जागा माहीत आहे, तर तिथून मागे मागे यायचं: कुठून निघालो आणि कोणत्या दिशेने दाबत गेलो, तर मधल्या चुका धरूनही नेमके तिथेच पोचू? कागदावर अप्रतिम. पण १९८७ मध्ये कॅनी आणि रीफ यांनी सिद्ध केलं की त्रिमितीत, अनिश्चितता धरून हा प्रश्न सोडवायला लागणारं गणन कुठल्या कुठे जातं. तेव्हापासून सगळे जण त्याला वळसा घालून जायच्या वाटा शोधताहेत. मीही त्यातलीच.

तिरकस_पाना
म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी पंप झाला होता. आता नटबोल्टरावांचा पंप कधी होतो ते बघायचं.

एक_वाचक
एक बाळबोध प्रश्न. आता चॅटजीपीटी कोड लिहितो ना? त्यालाच सांगायचं, बाबा रे पंप जोड.

पेंडंटवाला
@एक_वाचक, प्रश्न बाळबोध नाही, आमच्याकडे पोरांनी करून पाहिलंय. कोड झकास येतो. ग्रिपर उघडा, वर थांबा, सरळ रेषेत खाली या, ग्रिपर बंद करा, वर जा. कॉमेंटसुद्धा व्यवस्थित. "खाली या" म्हणजे किती खाली, हा आकडा मात्र त्याने स्वतःच्या मनाने टाकलेला. तो टेबलाच्या आत होता.

एक_वाचक
=)) टेबलाचं काय झालं?

पेंडंटवाला
सिम्युलेशनमध्ये होतं. खऱ्या टेबलाजवळ आम्ही त्याला जाऊ दिलं नाही.

जुना_फिटर
मी पिंपरीत फिटर होतो, आता रिटायर. कॉलेजचं शिक्षण नाही, चुकलं तर सांगा.
ओ-रिंगचं सांगतो. ग्रूव्हमध्ये ओ-रिंग बसवताना नवा पोरगा ती एका बाजूने घालत जातो आणि शेवटी उरलेली ओढून बसवतो. बसते, दिसते पण चांगली. पण ओढताना तिला पीळ पडलेला असतो आणि प्रेशर टेस्टला लीक मारते. जुना माणूस आधी तीन-चार जागी टेकवतो, मग बोट फिरवतो. बोट फिरवतानाच पीळ कळतो, कारण मध्येच एक जागा कडक लागते. डोळ्याला ते दिसत नाही.
शाफ्टचंही तसंच. सरळ ढकलायचा नसतो. थोडा तिरका लावायचा, कड सापडेपर्यंत हलकेच फिरवायचा आणि कड लागली की उभा करायचा. अंधारात आपण कुलपाला किल्ली लावतो ना, तसं. मग तो वजनानेच खाली जातो. जोर लावला की चिकटलाच म्हणून समजा, मग हातोडी आणि शिव्या.
कॅडमध्ये हे कुठे लिहिणार?

पेंडंटवाला
फिटरकाका, दंडवत. तिरकं लावून कड शोधायची आणि मग उभं करायचं, हेच आम्ही फोर्स कंट्रोलमध्ये लिहितो. कड नाहीच सापडली तर स्पायरल सर्च, म्हणजे हलका दाब ठेवून गोल गोल वाढत फिरायचं. तुमचा एक सेकंद, आमचे चार.

अनघा_म्युनिक
काका, चुकलेलं काहीच नाही. "जोर लावला की चिकटला" यावर १९७० च्या दशकात अमेरिकेत ड्रेपर लॅबने सगळं गणित मांडलं: दांडा भोकात कोणत्या कोनात अडकतो, कधी नुसता अडतो आणि कधी पाचरीसारखा रुततो. त्यातून रोबोटच्या मनगटाला लावायचं एक साधं यंत्र निघालं, आरसीसी. त्यात सेन्सर नाही, सॉफ्टवेअर नाही. रबराच्या सांध्यांची रचनाच अशी की काठाला धक्का लागला की दांडा आपोआप बाजूला सरकतो आणि उभा होतो. सगळा शहाणपणा रबरात.
जपानमध्ये यामानाशी विद्यापीठातल्या हिरोशी माकिनो यांनी तोच विचार अख्ख्या रोबोटला लावला. त्यांचा 'स्कारा' रोबोट खाली दाबताना ताठ, आडवा किंचित ढिला. १९७८ मध्ये प्रोटोटाइप, १९८१ पासून बाजारात. वरून खाली घालायचे पार्ट असतील तर अजूनही स्काराला तोड नाही.

शिल्पा_के
मी डिझाइनला आहे, तर आमची बाजूही ऐका. सगळे रोबोटच्या मागे लागलेत, पार्टला कोणी काही विचारत नाही. होलला चॅम्फर (काठाचा उतार) वाढवता येतो का? चार स्क्रूऐवजी दोन आणि एक खटका चालेल का? सगळे पार्ट वरूनच घालता येतील असं कव्हर फिरवता येतं का?
आयबीएमने १९८५ च्या आसपास प्रोप्रिंटर नावाचा प्रिंटर काढला होता. तो रोबोटने जोडायचा म्हणून मुद्दाम तसा डिझाइन केलेला. पार्ट कमी, स्क्रू नाहीत, सगळं वरून ठेवत जायचं आणि खटक्याने बसायचं. झालं काय, तो इतका सोपा झाला की माणसंही तो काही मिनिटांत जोडायला लागली आणि रोबोट लाइनचा खर्च कशाला केला असा प्रश्न उभा राहिला. शिकायच्या वयात हे ऐकलं तेव्हापासून ड्रॉइंग सोडताना एकदा स्वतःच्या हाताने जोडून बघते.

नटबोल्ट
@शिल्पा_के, सगळं पटतंय, पण ड्रॉइंग कस्टमरचं आहे. चॅम्फर ०.५ चा ०.८ करायला किती मेल आणि किती सह्या लागतात ते तुम्हाला माहीतच असेल.

शिल्पा_के
माहीत आहे. त्या सह्या करणाऱ्यांत मी असते. :)

तिरकस_पाना
टेस्लाची गोष्ट कोणीच कशी काढली नाही? मॉडेल ३ च्या बॅटरीवर फायबरग्लासची एक मॅट ठेवायची होती. लोकरीच्या गोळ्यासारखी वस्तू. ती उचलायला रोबोट लावला, तो ती उचलेचना. शेवटी कळलं की मॅट लागतच नाही, मग मॅटही काढली आणि रोबोटही. एप्रिल २०१८ मध्ये मस्कसाहेबांनी स्वतः ट्वीट केलं की जास्तीचं ऑटोमेशन ही चूक होती, माणसाला आपण कमी लेखतो.

वाळूजकर
मऊ वस्तूचं राहू द्या हो, कडक पार्टचंच बघा. माझा अनुभव, नावं घेत नाही. एका इंटिग्रेटरने (रोबोट बसवून देणाऱ्या कंपनीने) आमच्याकडे असेंब्ली सेल उभा केला. प्रोग्राम बऱ्यापैकी ऑटोमॅटिक निघालेला, चकाचक. ट्रायलला सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) मिळाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. प्रॉडक्शन चालू झाल्यावर सेल बंद पडायला लागला. कारण रोबोट नाही, बाउल फीडर (पार्ट थरथरवत रांगेत पुढे पाठवणारं भांडं). प्रेसच्या पार्टला बर (कडेला उरलेली धातूची धारदार कोर) राहायची, दोन पार्ट एकमेकांत अडकायचे आणि ट्रॅकवर जाम. रोबोट रिकाम्या जागेवर ग्रिपर मिटून अलार्म देऊन उभा. मग आम्ही एक माणूस ठेवला, हातात प्लॅस्टिकची काडी. त्याचं काम जाम सोडवणं. ऑटोमेशनआधी त्या जागेवर दोन माणसं होती. म्हणजे एक वाचला, पण उरलेला दिवसभर फीडरकडे टक लावून बसलेला.
पार्ट धडकू नये म्हणून कुठून न्यायचा हा प्रश्न आम्हाला कधीच पडला नाही. पार्ट आहे का, सरळ आहे का, कालच्यासारखा आहे का, आणि नसेल तर काय करायचं, हे पडले. प्रोग्राम उघडून बघितला तर सरळ चालणारं काम थोड्या ओळींत असतं. बाकी सगळं "असं झालं तर".

पेंडंटवाला
+१००. "असं झालं तर" कॅडमध्ये नसतं. अर्धवट बसलेला शाफ्ट ग्रिपरमध्ये धरून रोबोट थांबलाय, तिथून होमला, म्हणजे सुरुवातीच्या जागी, कसं परत यायचं? सरळ वर ओढला तर बॉडी फिक्स्चरसकट येते. हे सगळं रात्रपाळीतला माणूस बघून बघून लिहितो.

अनघा_म्युनिक
वाळूजकरांचं बरोबर, पण थोडं उलट बोलते. वर्षानुवर्षं एकच पार्ट चालवायचा असेल तर स्वयंचलित प्रोग्रामिंगचा फायदा खरंच कमी. एकदा मरमर करून शिकवा, झालं. फायदा आहे तो व्हेरिएंट जास्त आणि नग कमी असतात तिथे, आणि नटबोल्ट यांची तक्रार नेमकी तीच आहे.
सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठाचं उदाहरण घ्या. २०१८ मध्ये त्यांनी दोन डेन्सो रोबोटना आयकियाची खुर्ची जोडायला लावली. एक थ्रीडी कॅमेरा, मनगटात फोर्स सेन्सर. पार्ट शोधायला ३ सेकंद, हालचाली ठरवायला ११ मिनिटं २१ सेकंद, प्रत्यक्ष जोडायला ८ मिनिटं ५५ सेकंद. एकूण २० मिनिटं १९ सेकंद. यातला मार्ग खरोखर मशीनने काढला होता. कोणता पार्ट कधी, हा क्रम मात्र माणसांनी घातलेला. म्हणजे वर मी जे "सुटलंय" म्हणाले तेच त्यांनी हाताने दिलं. तो भाग माणसाला पाच मिनिटांत जमतो, मग कशाला मशीनला छळा? दोन हातांनी एकच फळी धरून न भांडता फिरवणं माणसाला पेंडंटवर शिकवताना नाकी नऊ येतात, ते मशीनला दिलं. ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते.

कोकणी_काजू
२० मिनिटं? आमच्या ह्यांना टीव्हीचं युनिट जोडायला अख्खा रविवार लागला आणि चार स्क्रू उरले. रोबोटचे किती उरले ते लिहा.

तिरकस_पाना
उरलेले स्क्रू नटबोल्टना पाठवा, त्यांना चारच हवेत.

बाराखडी
एक विचारू? हे सगळं जमलं तर लाइनवरच्या मुलांचं काय? माझा भाचा आयटीआय करून चाकणलाच काँट्रॅक्टवर आहे. सात महिन्यांनी ब्रेक, मग दुसरीकडे.

वाळूजकर
ताई, खरं सांगू? त्याची नोकरी रोबोटमुळे जाण्याआधी काँट्रॅक्टमुळे जाते. मॅनेजमेंटचा हिशेबही तिथेच अडतो. काँट्रॅक्टचा माणूस स्वस्त, म्हणून रोबोट परवडत नाही. आणि माणूस टिकत नाही, दर वेळी नवा, म्हणून रोबोट हवा.

जुना_फिटर
सात महिन्यांत ओ-रिंग कळत नाही.

पेंडंटवाला
रोबोट आला म्हणजे माणूस गेलाच असंही नाही. चाकणलाच बजाजने २०१० च्या सुमारापासून कोबॉट वापरायला सुरुवात केली. माणसांच्या शेजारी, लाइनवरच. भाच्याला सांगा, पेंडंट हातात घ्यायची संधी मिळाली तर सोडू नकोस. आयटीआयवाली पोरं इंजिनिअरपेक्षा लवकर शिकतात, कारण पार्ट हातात घेतलेला असतो.

कोकणी_काजू
रोबोट राहू द्या, पहिल्या शिफ्टला तळेगाव चौकातून वेळेत बाहेर पडायचा ऑटोमॅटिक मार्ग काढणारं सॉफ्टवेअर आहे का?

अनघा_म्युनिक
नाही. मोकळी जागा असली तरच ते मार्ग काढतं.

नटबोल्ट
चौकातून परत पंपावर येऊया. :) इथली चर्चा वाचून व्हेंडरला काही प्रश्न पाठवले. फोर्स कंट्रोलचे पॅरामीटर सॉफ्टवेअर देतं का? (उत्तर: "साइटवर ट्यून होतील." म्हणजे मी करणार.) अडकल्यावर रिकव्हरी कोण लिहितं? ("कस्टमर स्कोप." म्हणजे तेही आम्हीच.) व्हेरिएंट बदलला तर किती वेळ? ("कॅड अपडेट करा, काही मिनिटांत." ग्रिपरची बोटं आणि फिक्स्चर बदलायचं काय, त्यावर अजून उत्तर नाही.) ऑइल सील? ("ते सध्या मॅन्युअल ठेवू.")
आता मला सांगा, घेऊ म्हणू की नको म्हणू?

पेंडंटवाला
सरसकट नको म्हणू नका, नाहीतर "प्रोग्रामरला नोकरीची काळजी" असं ऐकावं लागेल. मार्ग, पोहोच, धडक तपासणी, सायकल टाइमचा अंदाज, लेआउट, यासाठी घ्या. सेल उभा राहायच्या आधीच कळतं की रोबोट चुकीच्या जागी आहे. हे पैसे वसूल होतात. शेवटच्या दोन मिलिमीटरसाठी स्वतःचे ब्लॉक लिहून ठेवा: शाफ्ट घालणे, बेअरिंग प्रेस, स्क्रू. प्रत्येकाला आपापलं सर्च, आपापली फोर्स लिमिट, आपापली रिकव्हरी. सॉफ्टवेअरने तिथपर्यंत आणून सोडायचं, पुढे तुमचा ब्लॉक. व्हेरिएंट बदलला तर ब्लॉक तोच, आकडे वेगळे.

अनघा_म्युनिक
सहमत. इथेही बहुतेक जण हल्ली असेच 'स्किल' जोडत काम करतात. घालण्याची हालचाल रोबोटने स्वतः करून करून शिकावी यावर जोरात काम चालू आहे आणि कनेक्टर घालण्यासारख्या कामात निकाल चांगले आहेत. पण त्याच्या भरवशावर पुढच्या वर्षाच्या प्रॉडक्शनचा आकडा देऊ नका.

शिल्पा_के
आणि चॅम्फरची मेल टाकाच. ट्रायलचा व्हिडिओ सोबत जोडला, शाफ्ट काठावर उभा असलेला, तर सह्या लवकर होतात. आतली बातमी आहे.

जुना_फिटर
ओ-रिंग माणसाकडेच ठेवा.

नटबोल्ट
सगळ्यांचे आभार. ऑइल सील, ओ-रिंग ऑपरेटरकडे. शाफ्ट, बेअरिंग, कव्हर आणि स्क्रू रोबोटकडे, अशी मांडणी उद्या मांडतो. व्हेंडर त्यांच्या डेमो सेंटरला ट्रायल घ्यायला तयार आहे, आम्ही पार्ट पाठवायचे.

वाळूजकर
थांबा, ट्रायल तिकडे नको, तुमच्या शॉपवर घ्यायला लावा. तेही नाहीच जमलं तर पार्ट निवडून आणि धुऊन पाठवू नका. चालू बिनमधले उचला, तेलकट, बर असलेले, दोन वेगवेगळ्या लॉटचे. आणि तुमचा एक माणूस बरोबर पाठवा, नाहीतर ते तिकडे धुतील.